फुगलेली टाकी आणि चिडलेले बोटवाले



मेअखेरचा मेमोरियल डेचा सोमवार जवळ आला, की इकडे न्यू जर्सीत लेक होपॅटकाँगपासून बार्नेगॅट बेपर्यंत छोट्या बोटी पाण्यात उतरायला लागतात आणि आम्हा इंजिन दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. आपल्या मराठी मंडळींपैकीही अनेकांनी अलीकडे मासेमारीसाठी दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या छोट्या बोटी घेतल्यात. त्यांची तक्रार ठरलेली असते. ‘काका, नवी कोरी टाकी उन्हात टम्म फुगते, इंजिनातून पेट्रोल गळतं. दुकानदार म्हणतो, सरकारी नियमच तसा आहे. हा कसला नियम?’

त्या लाल प्लॅस्टिकच्या, हातात उचलून नेता येणाऱ्या तीन किंवा सहा गॅलनच्या टाकीबद्दल आज बोलायचं आहे. राग रास्त आहे का, हेही सांगतो. पण आधी टाकीच्या पोटात काय चालतं ते बघू.

जुन्या टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असायचा. इंजिन चालू करताना तो सैल करायचा, म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी हवा आत येते. काम झालं की घट्ट करायचा. सोपी गोष्ट, पण घट्ट करायचं कोणाच्या लक्षात राहतंय? दिवसा ऊन तापलं की टाकीतली पेट्रोलची वाफ त्या भोकातून बाहेर, रात्री गारठा पडला की बाहेरची हवा आत; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिन बंद, बोट दावणीला, तरी पेट्रोल हवेत जातंच आहे. शिवाय साधं प्लॅस्टिक पेट्रोलला पूर्ण अडवत नाही. टाकीच्या भिंतीतून आणि रबरी नळीतूनही ते हळूहळू झिरपतं. ही वाफ गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांना भेटली, की उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो. दम्याच्या माणसाला उन्हाळ्यात बाहेर पडू नका असं सांगतात, ते याच ओझोनमुळे.

म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, 2008 साली छोट्या इंजिनांच्या इंधनव्यवस्थेसाठी नियम काढले. 2011 पासून दुकानात येणाऱ्या टाक्या त्यानुसार बनलेल्या असतात. त्यांच्या झाकणावर तो स्क्रू नाही. आत हवा घेणारी झडप आहे, ती जराशा ओढीनं उघडते. पण आतली वाफ बाहेर सोडायला ती सहजासहजी तयार नसते. आतला दाब दर चौरस इंचाला 5 पौंड होईपर्यंत टाकीनं तोंड मिटून बसायचं, असा नियम आहे.

5 पौंड ऐकायला किरकोळ वाटतात. आपला घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण 15 पौंडांचा दाब असतो. म्हणजे तुमच्या बोटीत एक तृतीयांश कुकर ठेवलेला आहे, आणि त्यात डाळ-तांदूळ नाही, पेट्रोल आहे. आता टाकीची एक फूट लांब, एक फूट रुंद अशी बाजू घ्या. ती झाली 144 चौरस इंच. तिच्यावर आतून 720 पौंडांचा, म्हणजे सव्वातीनशे किलोंचा रेटा येतो. तळ गोल होऊन टाकी डुगडुगायला लागते आणि तिला बांधलेला पट्टा तारेसारखा ताठ होतो, त्याचं कारण हे. सकाळच्या गारव्यात झाकण बंद केलं आणि दुपारी टाकी उन्हात राहिली, तर हा आकडा गाठणं मुळीच अवघड नाही. फुगणं हा टाकीचा दोष नव्हे, ती तशीच बनवलेली आहे.

खरी पंचाईत पुढे आहे. नळीत जो हातानं दाबायचा रबरी फुगा असतो, त्यातल्या झडपा पेट्रोलला इंजिनाकडे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. म्हणजे दाबाला रस्ता मोकळाच. 5 पौंडांच्या दाबानं पेट्रोल सरळ उभ्या नळीत पंधरा फूट चढू शकतं. तुमचं इंजिन तर टाकीपासून हातभर उंच. कार्ब्युरेटरमधली छोटी सुई पंपाचा बेताचा दाब अडवायला केलेली, ती जुनी किंवा झिजलेली असली की हार मानते. कार्ब्युरेटर तुडुंब भरतो, पेट्रोल इंजिनाच्या टोपाखाली साचतं, तिथून बोटीत किंवा पाण्यात. हवेत जाणारी वाफ वाचवायला केलेल्या टाकीतून तळ्यात पातळ पेट्रोल सांडतं, आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की त्याबद्दल वेगळा कायदा आहेच. बोटवाल्यांचा राग इथं मला शंभर टक्के पटतो. मोटारगाडीत 1970 च्या दशकापासून वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, इंजिन चालू झालं की ती वाफ ओढून जाळतं. बोटीत कायम बसवलेल्या टाकीलाही तसा डबा लावता येतो. या सुट्या टाकीला मात्र नुसतं कोंडून ठेवलं आणि कोंडलेल्या दाबाची जबाबदारी गुपचूप तुमच्या माझ्या हातात दिली. निदान झाकणावर तसं ठळक लिहायला काय हरकत होती?

पण म्हणून झाकणाला ड्रिलनं भोक पाडू नका. असले उपाय सुचवणारे धक्क्यावर पुष्कळ भेटतील. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन बसते, आणि तिथंच तुमची बॅटरी असते. झाकण अर्धवट सैल ठेवून फिरणं हेही भोक पाडण्याइतकंच वाईट.

मग करायचं काय? इंजिन बंद केलं, की नळी टाकीपासून काढायची. इंजिनाकडचं टोक काढून भागत नाही. कारण मग अख्खी नळी दाबाखाली राहते आणि टोकाच्या छोट्या झडपेवर सगळा भार येतो. ही सवय सर्वांत जास्त कधी मोडते सांगू? घरी परतताना नव्हे. भर दुपारी नांगर टाकून गळ सोडून बसतात, डबे उघडतात, तेव्हा. इंजिन पेट्रोल ओढत असतं तोवर दाब थोडा तरी खर्च होतो. इंजिन बंद आणि ऊन चालू, त्या तासाभरात घोटाळा होतो. पोळी-भाजीचा डबा उघडण्याआधी हात टाकीकडे गेला पाहिजे.

पुन्हा निघताना सिगारेट, स्टोव्ह असलं काही जवळ नाही ना ते बघा. तोंड बाजूला ठेवून झाकण अगदी सावकाश फिरवा. फुस्स आवाज येईल, तो थांबेपर्यंत वाट पाहा. एकदम फिरवलंत तर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. मग झाकण घट्ट करायचं, त्यानंतरच नळी जोडायची. किल्ली फिरवण्यापूर्वी इंजिनाचा टोप उचलून वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर थांबा, पुसून काढा, वारा लागू द्या.

रबरी फुगा चाचपायची सवय लावा, तो बरंच काही सांगतो. न दाबताच दगडासारखा कडक असेल तर टाकीचा दाब इंजिनावर चढलाय. उलट तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल आणि चालतं इंजिन धापा टाकत बंद पडत असेल, तर हवा आत घेणारी झडप अडकली आहे. अशा वेळी झाकण क्षणभर सैल केलं की इंजिन पुन्हा सुरळीत चालतं. पण तेवढ्यावर काठापर्यंत या आणि झाकण बदला. कार्ब्युरेटर खोलायला माझ्याकडे आणू नका. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

नळी काढणं-घालणं ज्यांना जमत नाही, त्यांनी टाकी आणि फुगा यांच्यामध्ये फ्युएल डिमांड व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. इंजिनानं ओढलं तरच तो पेट्रोल सोडतो, टाकीनं कितीही ढकललं तरी अडवतो. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. माझं मत विचाराल तर तो टाकीसोबतच मिळायला हवा होता.

टाकी भरताना ती बोटीतून उचलून धक्क्याच्या जमिनीवर ठेवा आणि काठोकाठ भरू नका. सहा गॅलन पेट्रोल सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेलं, की अर्ध्या लिटरच्या आसपास वाढतं. बाकी सावली. टाकी सीटखाली ढकला, नाहीतर वर ओला टॉवेल टाका.

शेवटी जुन्या टाकीबद्दल. हा नियम टाकी बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला आहे. स्क्रूवाली जुनी टाकी तुमच्याकडे असेल तर ती वापरणं हा काही गुन्हा नाही. मात्र तिचं प्लॅस्टिक पांढुरकं पडलंय का, तडे दिसतात का, ते उजेडात धरून बघा आणि स्क्रू बंद करायची आठवण ठेवा. टाकाऊ झाली असेल तर घरच्या कचऱ्यात टाकू नका. तळाशी उरलेल्या पेट्रोलसकट काउंटीच्या घातक कचरा गोळा करायच्या दिवशी नेऊन द्या. ती तारीख काउंटीच्या कार्यालयात फोन करून विचारता येते, आणि नेताना टाकी गाडीच्या आत नको, उघड्या ट्रकवर ठेवा.