मेलवुड ते कर्कबी : एका फुटबॉल क्लबाचें बिऱ्हाड

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. ज्या मैदानाभोंवतीं बसून हजारों प्रेक्षक तो पाहतात, त्याचें नांव जगाला ठाऊक असतें. परंतु व्यवसायी खेळाडूचें आयुष्य त्या मैदानावर जात नाहीं. आठवड्याचे बहुतेक दिवस तो दुसऱ्याच एका हिरवळीवर घालवतो. तेथें तो धांवतो, पडतो, दुखापत झाल्यास बरा होतो, सोबत्यांबरोबर जेवतो, वडीलधाऱ्यांचीं बोलणीं खातो आणि हळूहळू त्या क्लबाचा होतो. सामन्याचें मैदान हें क्लबाचें देऊळ म्हटलें, तर सरावाचें मैदान हें त्याचें राहतें घर होय. म्हणूनच एखादा क्लब सरावाचें नवें ठाणें उभारण्याचा बेत आंखतो, तेव्हां प्रश्न केवळ विटा, चुना आणि गवत यांचा नसतो. त्या घरांत कोणीं राहावयाचें, हा खरा प्रश्न असतो. इंग्लंडांतील लिव्हरपूल क्लबाची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे.

लिव्हरपूल शहराच्या वेस्ट डर्बी या भागांत मेलवुड नांवाचें मैदान आहे. पूर्वीं तें सेंट फ्रान्सिस झेवियर या शाळेच्या मुलांचें क्रीडांगण होतें. त्या शाळेंतील मेलिंग व वुडलॉक या दोन धर्मगुरूंच्या नांवांचे तुकडे जोडून ‘मेलवुड’ हें नांव झालें, असें सांगतात. १९५९ च्या डिसेंबरांत बिल शँकली हे व्यवस्थापक म्हणून आले, त्या वेळीं क्लब दुसऱ्या श्रेणींत रखडत होता आणि मेलवुडवर गवत माजलें होतें. शँकली यांनीं प्रथम मैदान साफ करविलें आणि मग तेथें एक नवी शिस्त लावली. खेळाडूंनीं कपडे बदलावयाचे ते अ‍ॅनफील्डच्या मुख्य मैदानावर. तेथून सर्वांनीं एकत्र बसनें मेलवुडला जावयाचें. आणि सराव संपल्यावर तसेंच बसनें परत येऊन स्नान व भोजन करावयाचें. वरवर पाहतां ही यातायात वाटेल; परंतु तापलेलें शरीर आस्तेआस्ते निवावें, म्हणजे इजा कमी होते, हा त्यांतील हेतु होता. शिवाय त्या बसमध्यें नामांकित आणि नवखा हे एकाच बाकावर बसत.

मेलवुडवर लांकडी फळ्या उभ्या करून खेळाडूला त्यांच्या मध्यें सोडीत. चेंडू फळीवर मारावयाचा, उलटून आला कीं तो आवरावयाचा आणि क्षणाचाहि विलंब न लावतां पुन्हां मारावयाचा. घामाच्या धारा लागेपर्यंत हा क्रम चाले. पांच-पांच जणांचे छोटे सामने हा तर रोजचा परिपाठ होता. १९६२ सालीं क्लब पहिल्या श्रेणींत चढला, १९६४ सालीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें आणि १९६५ सालीं एफ. ए. कप प्रथमच जिंकला. मेलवुडची कीर्ति झाली, ती पैशानें थोडी आणि शिस्तीनें फार.

पुढें काळ बदलला. खेळाच्या जोडीला वैद्यक आलें, आहारशास्त्र आलें, व्यायामाचीं यंत्रें आलीं. या शतकाच्या आरंभीं जेरार हूलिए हे व्यवस्थापक असतांना मेलवुड येथें नवी इमारत उभी राहिली. तरी जागेची अडचण सुटली नाहीं. कारण चहूंकडे वस्ती होती आणि मैदानाला हातपाय पसरावयास वाव नव्हता. त्या भिंतीपाशीं घराघरांतील कचऱ्याचे डबे आणून त्यांवर चढणारीं व आंत डोकावणारीं मुलें हें वेस्ट डर्बीचें नेहमींचें दृश्य होतें. १९९८ सालीं जन्मलेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड हा याच परिसरांत वाढला. लहानपणीं भिंतीच्या फटींतून त्यानें ज्या खेळाडूंना पाहिलें, त्यांच्याच क्लबांत तो पुढें नांवारूपास आला.

परंतु खरी अडचण जागेपेक्षां निराळी होती. क्लबाची कुमारशाळा १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून काहीं मैलांवरील कर्कबी या गांवीं होती, आणि मुख्य संघ मेलवुडला. एकाच क्लबाचीं अशीं दोन बिऱ्हाडें झालीं. सोळा-सतरा वर्षांचा होतकरू मुलगा ज्यांच्यासारखें व्हावयाचें, त्यांना रोज पाहूं शकत नसे. आणि व्यवस्थापकालाहि तो मुलगा मुद्दाम बोलावल्यावांचून दिसत नसे. तालमींत नवा पोर मोठ्या मल्लाची पकड नुसती पाहून पाहूनच अर्धी शिकतो. तें पाहणेंच येथें तुटलें होतें. १९१५ नव्हे, तर २०१५ च्या ऑक्टोबरांत व्यवस्थापक झालेले युर्गेन क्लॉप यांना तर हें दोन ठिकाणचें वास्तव्य फारच खटकलें. २०१७ सालीं क्लबानें आपला बेत प्रसिद्ध केला : कर्कबी येथें सुमारें ५ कोटी पौंड खर्चून मुख्य संघ व कुमार यांना एकाच आवारांत आणावयाचें.

त्या आराखड्यांत सुमारें ९,२०० चौरस मीटरांची इमारत, पूर्ण आकाराचीं मैदानें, व्यायामशाळा, क्रीडागृह, पोहण्याचा तलाव आणि जलोपचाराची सोय होती. जलोपचार हा ऐषआराम नव्हे. पाण्यांत शरीराचा भार हलका होतो. म्हणून दुखावलेल्या पायावर पूर्ण वजन न पडतां खेळाडूला लवकर चालतां-धांवतां येतें. पुढें साथीच्या रोगामुळें बांधकाम लांबलें. दरम्यान २०२० च्या जूनमध्यें लिव्हरपूलनें तीस वर्षांनंतर इंग्लंडचें अजिंक्यपद पटकाविलें. आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत संघानें मेलवुडचा निरोप घेतला. एकत्र राहण्याचें मोल २५ फेब्रुवारी २०२४ रोजीं लीग कपच्या अंतिम सामन्यांत दिसलें. अनेक प्रमुख खेळाडू जायबंदी होते. तेव्हां बॉबी क्लार्क, जेम्स मॅककॉनेल व जेडन डॅन्स यांसारखे कोवळे तरुण बदली म्हणून उतरले आणि ज्यादा वेळांत संघानें चेल्सीवर १–० असा विजय मिळविला. त्या विजयाचें सारें श्रेय इमारतीला देणें भाबडेपणाचें होईल. परंतु हे तरुण व्यवस्थापकाच्या नजरेसमोर वाढले होते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

इतका विचार करून आंखलेल्या बेतांत एक मोठी उणीव राहून गेली. क्लबाच्या स्त्रीसंघाला या नव्या घरांत जागाच नव्हती. हा कांहीं कालपरवांचा संघ नव्हता. २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें होतें. असें असतां त्याला ट्रॅनमियर रोव्हर्स या शेजारच्या क्लबाच्या सरावस्थळीं परक्याच्या अंगणांत सराव करावा लागे. २०२० सालीं, पुरुषसंघाच्या वैभवाच्या त्याच वर्षीं, स्त्रीसंघ खालच्या श्रेणींत घसरला. क्लबावर टीकेचा भडिमार झाला, आणि तो अकारण नव्हता. कारण मेलवुडची जागा क्लबानें घरबांधणी करणाऱ्या एका संस्थेला २०१९ सालींच विकून टाकली होती. घरांतील लेकींना खोली नाहीं आणि जुना वाडा मात्र विकलेला, अशी ती स्थिति होती.

सुदैवानें त्या जमिनीवर घरें उभीं राहिलीं नाहींत. २०२२ सालीं स्त्रीसंघ पुन्हां वरच्या श्रेणींत आला आणि २०२३ सालीं क्लबानें मेलवुड परत विकत घेऊन तें त्याच्या स्वाधीन केलें. शँकलींच्या फळ्या जेथें उभ्या होत्या, तेथें आतां क्लबाच्या मुली सराव करूं लागल्या.

जगांतील अनेक क्लब आज अशीं ठाणीं बांधीत आहेत आणि त्यांच्या आराखड्यांत तलावाची लांबी व गवताची जात बिनचूक लिहिलेली असते. लिव्हरपूलची हकीकत एवढेंच सुचविते कीं, त्या कागदावर सर्वांत आधीं माणसांची यादी लिहावी. यादी अपुरी राहिली, तर विकलेली जमीन पुन्हां विकत घ्यावी लागते. आणि ती मिळेलच, असा भरंवसा प्रत्येक वेळीं कोणाला देतां येत नाहीं.