चित्रपुस्तक आणि बालकाचा आत्मसन्मान

बालकाचा आत्मसन्मान केवळ शाबासकीने रुजत नाही. आपले बोलणे कोणी मन लावून ऐकते, या अनुभवातून तो रुजतो. भोकर परिसरातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत मराठी अक्षरांपुढे अबोल होते. चित्राला मात्र अक्षरओळख लागत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या चित्रमय पुस्तकमालेत घरची माणसेच कथेचा विषय आहेत. असे पुस्तक उघडून शिक्षकांनी ‘काय लिहिले आहे?’ असे न विचारता ‘काय दिसते? तुझ्या घरी कोण कोण आहे?’ असे विचारावे. उत्तर गोरमाटीत आले तरी ते आदराने स्वीकारून देवनागरीत फळ्यावर लिहावे. आपल्या आईची बोली फळ्यावर पाहणाऱ्या मुलाला शाळा परकी वाटत नाही.