जुना गेम आणि अँटिव्हायरस : हे भांडण मिटवायचं कसं?

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं त्यांच्यासाठी.)

मी भिवापूरहून बोलतोय. नागपूर जिल्ह्यातलं, मिरचीसाठी ओळखलं जाणारं आमचं गाव. आजचा विषय तिखट आहे, पण मिरचीचा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारलाय. "दादा, जुना गेम टाकला की अँटिव्हायरस त्याची फाइल उडवून टाकतो. अँटिव्हायरस बंद करून खेळू का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. बंद करू नका. पण गेमचा नाद लगेच सोडायचीही गरज नाही. मधला रस्ता आहे. तो समजायचा तर आधी हे भांडण का होतं ते बघू.

आमच्या भिवापुरावरून नागपूर ते नागभीड अशी छोटी रेल्वे जायची. नॅरोगेज, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. २०१९ मध्ये ती ब्रॉडगेज करायला बंद केली. आता विचार करा, ब्रॉडगेजच्या रुळावर तो जुना छोटा डबा ठेवला तर चालेल का? डबा खराब नाही, रूळही खराब नाहीत. दोघं एकमेकांसाठी बनलेलेच नाहीत. जुन्या गेमचं आणि नव्या विंडोजचं बरंचसं असंच आहे.

आणि हे आजचं नाही बरं का. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६ आणलं, त्यात अँटिव्हायरस सोबतच यायचा. 'व्हीसेफ' नावाचा त्याचा पहारेकरी सतत मेमरीत बसून राहायचा. डॉसमध्ये प्रोग्रामसाठी सगळी मिळून ६४० केबी जागा. त्यातली थोडी पहारेकऱ्याने अडवली की मोठा गेम म्हणायचा, मेमरी पुरत नाही. मग लोक काय करायचे? पहारेकऱ्याला बाहेर काढायचे. म्हणजे तुमचा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच्या पोरांनीही विचारलेला आहे!

आता आजचा अँटिव्हायरस फाइल ओळखतो कशी? ढोबळमानाने दोन पद्धती. पहिली, ओळख पटवून. सापडलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते, त्यातली खूण फाइलमध्ये दिसली की पकडलं. दुसरी, संशयावरून. खूण नाही, पण वागणूक चोरासारखी आहे, म्हणून अडवलं. गोची होते ती या दुसऱ्या पद्धतीत, कारण जुने गेम खरंच चोरासारखे वागतात.

कसे, ते बघा. काही गेमची मुख्य फाइल, म्हणजे ती डॉट ईएक्सई, दाबून लहान केलेली असते. व्हायरसवालेही लपवण्यासाठी हेच करतात. पैसे वाढवायचे, जीव वाढवायचे म्हणून आपण 'ट्रेनर' वापरतो. तो चालू गेमच्या मेमरीत हात घालून आकडे बदलतो. दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत हात घालणं ही चोराचीच सवय. आणि सीडीशिवाय गेम चालावा म्हणून कोणीतरी फोडलेली, बदललेली फाइल तर अँटिव्हायरसला हमखास खटकते.

आता सीडीच्या कुलुपाची गंमत ऐका. त्या काळातल्या खूप गेममध्ये 'सेफडिस्क' नावाचं कुलूप असायचं, कॉपी होऊ नये म्हणून. ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात आपला ड्रायव्हर बसवायचं. २००७ मध्ये त्याच ड्रायव्हरमध्ये असं भोक सापडलं की साधा प्रोग्राम त्यातून घुसून कॉम्प्युटरचा मालक बनू शकेल. शेवटी २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर चालवणंच थांबवलं, आणि सप्टेंबरमध्ये अपडेट देऊन आधीच्या विंडोजमध्येही बंद केला. म्हणजे दुकानातून पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी असली तरी गेम उघडत नाही! इथे अँटिव्हायरसला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याचा हात नाही यात.

अजून एक तक्रार नेहमीची. "गेम चालतो, पण सेव्ह होत नाही." याचं एक कारण हे असू शकतं. जीटीए व्हाइस सिटी, २००३ मध्ये पीसीवर आलेला, आपला सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतो. २०१७ पासून विंडोज १० मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये काही लिहूच देत नाही. खंडणीवाला व्हायरस तुमचे फोटो, कागदपत्रं कुलूपबंद करतो ना, त्याला अडवायला ही सोय केली. पण दारावरच्या वॉचमनला बिचारा व्हाइस सिटी कुठे माहीत? त्यालाही तो बाहेरच ठेवतो.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, बघा, म्हणजे अँटिव्हायरस उगाच घाबरवतो. थांबा जरा.

गेमच्या पोटातून व्हायरस आल्याची उदाहरणं खरी आहेत. १९९८ मध्ये तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' पसरला. चेर्नोबिल व्हायरस म्हणतात तो हाच. 'सिन' नावाच्या गेमच्या डेमोची एक लागण झालेली प्रतही तेव्हा लोकांनी उतरवून घेतली होती. २६ एप्रिल १९९९ ला तो जागा झाला, हार्डडिस्क पुसली आणि कित्येक कॉम्प्युटरची बायोस चिपच बिघडवली. नंतर २००३ पासून 'सॅलिटी' आला. तो धडधाकट डॉट ईएक्सई फाइलला चिकटतो, पेनड्राइव्हवरून गावभर फिरतो, आणि आधी अँटिव्हायरसलाच झोपवायला बघतो. आपल्याकडे गेम कसे फिरले? पेनड्राइव्हवरूनच की नाही?

आमच्या ओळखीतलं एक ऑनलाइन सेंटर आहे. दिवसभर तिथे सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँकेची केवायसी. संध्याकाळी गर्दी ओसरली की तिथला पोरगा व्हाइस सिटी लावतो, मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणलेला. अँटिव्हायरस दर वेळी फाइल उडवायचा. एक दिवस मला म्हणाला, "दादा, हे सगळ्यांनाच दाखवते. बंदच करून टाका ना." आम्ही आधी अँटिव्हायरसची नोंद उघडली. दोन ओळी होत्या. एक ट्रेनरची, नाव 'हॅकटूल'. दुसरी खुद्द गेमच्या फाइलची, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं, 'सॅलिटी'.

पहिली ओळ संशयाची, दुसरी ओळख पटलेली. आणि त्याच डेस्कटॉपवर अर्ध्या तालुक्याचे आधार कार्ड, पासबुकचे फोटो पडलेले! त्या रात्री अँटिव्हायरस बंद झाला असता तर गेम मस्त चालला असता, नुकसान मात्र ज्यांनी कधी गेम पाहिलाही नाही त्यांचं झालं असतं. आम्ही ती प्रत काढून टाकली, पेनड्राइव्ह साफ केला, पूर्ण कॉम्प्युटर तपासला. पोरगा आता मोबाइलवर प्ले स्टोअरचा व्हाइस सिटी खेळतो. कीबोर्डची मजा नाही म्हणतो, ते खरंच आहे.

कोणी विचारेल, व्हायरस काढून फाइल दुरुस्त नाही का होत? कधी होते. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस बनवला, त्याचं नावच 'क्विक हील', म्हणजे झटपट बरं करणारा. पण चिकटलेला भाग कापल्यावर फाइल अगदी पहिल्यासारखी होईलच असं नाही. गेमची फाइल जराशी जरी बदलली तरी तो बंद पडू शकतो. म्हणून स्वच्छ प्रत मिळवणं बरं.

तर आता करायचं काय? क्रमाने सांगतो.

एक. नाव वाचा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'प्रोटेक्शन हिस्ट्री' उघडा. 'हॅकटूल', 'जेनेरिक', 'ह्युरिस्टिक' असं असेल तर तो बहुधा संशय आहे. सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट असं असेल तर विषय संपला, फाइल काढा आणि पूर्ण स्कॅन करा. डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' घेतला तर अजून चांगलं, तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो.

दोन. दुसरं मत घ्या. व्हायरसटोटल या साइटवर फाइल टाका. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकदम तपासतात. दोन-तिघांनीच बोट दाखवलं तर खोटा इशारा असू शकतो. तीस-चाळीस जण म्हणत असतील तर वाद घालू नका. फक्त तिथे आधार कार्ड किंवा खाजगी कागद टाकू नका, टाकलेल्या फाइल इतर तज्ज्ञांनाही मिळतात.

तीन. खात्री पटली तरच सूट द्या, आणि तीही त्या एका फाइलला. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड फोल्डर सुटीच्या यादीत टाकू नका. तिथे उद्या काहीही येऊन बसलं तरी अँटिव्हायरस बघणार नाही.

चार. सेव्ह होत नसेल तर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' बंद न करता त्यातच गेमला परवानगी द्या. आणि जुना गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये न टाकता वेगळं फोल्डर करून टाका, निम्मी कटकट तिथेच जाते.

पाच. डॉसचे गेम 'डॉसबॉक्स'मध्ये चालवा. तो जुना कॉम्प्युटर नव्याच्या आत उभा करतो, म्हणजे छोट्या गाडीला स्वतःचे रूळ. विंडोजच्या जुन्या गेमसाठी २००८ पासून 'जीओजी' नावाचं दुकान आहे. तिथे सीडीच्या कुलुपाशिवाय, आजच्या विंडोजवर चालतील असे केलेले गेम मिळतात. सेल लागला की एका पिझ्झापेक्षा स्वस्त.

आणि तुम्ही तर हे मोबाइलवर ऐकताय, म्हणून शेवटचं. हाच न्याय फोनलाही लागू आहे. "मोड एपीके टाक, आधी प्ले प्रोटेक्ट बंद कर" असं कोणी सांगितलं तर एवढंच विचारा, पहारेकऱ्याला झोपवायची घाई याला का बरं? फोनमध्ये तुमचं यूपीआय आहे, आईबाबांचे ओटीपी येतात. गेम पुन्हा मिळेल, ते पैसे परत मिळतीलच असं नाही.

तुमचा कोणता जुना गेम अडलाय आणि अँटिव्हायरस नेमकं कोणतं नाव दाखवतोय, ते लिहून पाठवा. गेमच्या नावासोबत इशाऱ्याचं नावही हवं, विसरू नका. पुढच्या भागात त्यातली काही उत्तरं घेऊ. चला, भेटू मग!