नीलम आंब्याचे ऋण



वैशाखात हैदराबादच्या बाजारात हिमायत आणि बेनिशान या आंब्यांना जो मान असतो, तो नीलमच्या वाट्यास येत नाही. हंगामाच्या अखेरीस येणारे ते लहानसे फळ रसिकांच्या पंक्तीस क्वचितच बसते. तथापि गेल्या काही दशकांत आपल्या देशात निर्माण झालेल्या नामांकित संकरित आंब्यांची वंशावळ तपासली, तर तीत या नीलमचेच नाव वारंवार आढळते.

जातिवंत आंबा बहुधा एक वर्ष धरतो आणि दुसऱ्या वर्षी बागाइतदारास रिकाम्या हाताने परत पाठवतो. नीलम मात्र दरसाल धरतो, आणि या एका गुणासाठी संशोधकांनी त्याची सोयरीक थोर घराण्यांशी जुळवली. दिल्लीस दशहरीशी त्याचा संकर होऊन मल्लिका व आम्रपाली या जाती झाल्या. कोकणात वेंगुर्ल्यास हापूसशी संकर होऊन १९८१ साली ‘रत्ना’ ही जात प्रसृत झाली, जिच्यात हापूसला ग्रासणारा साका हा गराचा दोष नाही. आणि हैदराबादजवळ संगारेड्डीच्या फळ संशोधन केंद्रात रुमानी जातीशी संकर होऊन ठेंगणी, नियमित फळणारी, रेषाविरहित गराची ‘मंजिरा’ जन्मास आली.

संकराचे हे कार्य किती चिकाटीचे! मोहराच्या एकाच तुऱ्यात नरफुले व द्विलिंगी फुले मिसळलेली असतात. संशोधक द्विलिंगी फुलातील परागकोश फुटण्यापूर्वीच चिमट्याने खुडतो, स्त्रीकेसराच्या टोकास इच्छित जातीचा पराग लावतो आणि तुऱ्यावर मलमलीची पिशवी बांधतो. एवढ्या सायासानंतरही बहुतेक फुले गळून जातात. जे फळ टिकते त्यात कोय एकच, आणि त्या कोयीचे रोप फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. पुण्यास बर्न्स व प्रयाग या संशोधकांनी १९११ च्या सुमारास असे प्रयोग आरंभिले, तेव्हापासून कित्येकांची उभी हयात या कामी खर्ची पडली आहे.

आणि या साऱ्या खटपटीस हवा असलेला गुण नीलमसारख्या उपेक्षित झाडातच सापडला. म्हणून माझी विनंती एवढीच की, फळास मान नाही एवढ्यावरून झाडाची किंमत ठरवू नये. परसातील जुने झाड बांधकामापायी तोडणे अपरिहार्य झाले, तर पावसाळ्याच्या प्रारंभी त्याच्या निरोगी डोळकाड्या घेऊन खुंटावर कलमे बांधवून घ्यावीत, आणि झाडाचे नाव, ठिकाण, मोहराचा काळ व फळाचे गुणदोष असा सर्व तपशील लिहून नजीकच्या संशोधन केंद्रास कळवावा. उद्याच्या आंब्यास कोणता गुण हवा असेल हे आज कोणास ठाऊक? तो ज्या झाडात आहे, ते झाड तेवढे राखणे आपल्या हाती आहे.