मुलांचे मागणे आणि आपले उत्तर



विदर्भातला उन्हाळा मी तुम्हाला सांगायचा म्हणजे मामाला मामाचेच गाव दाखवण्यासारखे आहे. चैत्र सरला की सकाळी अकरालाच रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून आपण घराबाहेर पडतो. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे मात्र उन्हापायी त्या आणखी उशिरा उघडतात. शिक्षक बंधुभगिनींना हे ठाऊकच आहे.

तेव्हा ऊन आपल्याला नवे नाही. नवी आहे ती त्याची वागणूक. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०२२ च्या जुलैत जोराच्या पावसात खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि वीजकेंद्रांची राख चिखल होऊन शेतांत शिरली. २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्री काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी घराघरांत शिरली आणि माणसे दगावली.

हे असे का होते? कोळसा आणि तेल जाळले की कर्बद्विप्राणिल वायू हवेत जातो. पृथ्वीची उष्णता बाहेर पडू नये म्हणून जणू गोधडी पांघरावी, तसे काम हा वायू करतो. गेल्या दीडशे वर्षांत ही गोधडी जाड झाली आणि पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढले. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मग पंधरा दिवस ढग नुसते हुलकावणी देतात आणि सोळाव्या दिवशी सगळे एकदम रिते होतात. कापूस आणि सोयाबीन पेरणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता मुलांकडे वळू. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वीडन देशातली ग्रेटा थुनबर्ग नावाची पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडून तिथल्या संसदेपुढे फलक घेऊन बसली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरात, जगभर लाखो मुले रस्त्यावर आली. आपल्या देशातल्या शहरांतूनही ती निघाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : कोळसा तुम्ही जाळला, तापलेल्या जगात राहायचे आम्हाला, तेव्हा राज्यकर्त्यांनी आज काहीतरी करावे.

एखादे गुरुजी विचारतील, "अहो, हे सगळे खरे, पण पोरांनी शाळा बुडवून घोषणा द्यायच्या काय? उद्या परीक्षा कोण देईल?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खेड्यातल्या पोराचा शाळेचा एक दिवस बुडाला तर तो कोणी भरून देत नाही. म्हणून त्याचे उत्तर आपल्याच राज्यात घडलेल्या दोन गोष्टींतून शोधू.

पहिली गोष्ट मुंबईच्या आरेची. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. तरुण मुलेमुली अंधारात धावत गेली. एकोणतीस जणांना अटक झाली. न्यायालयाला सुटी होती, तरी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला खास बैठक घेऊन तोड थांबवली. पण तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे कारशेडही तिथेच झाली. मुलांचे धैर्य मोठे होते, यात शंका नाही. पण पडलेले झाड पत्राने उभे राहत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची. अजनीला रेल्वेच्या जुन्या वसाहतीच्या परिसरात मोठमोठी झाडे आहेत. लोक त्याला अजनी वन म्हणू लागले. रेल्वे, बस आणि मेट्रो एका जागी आणणारे भव्य स्थानक तिथे व्हावे अशी योजना आली आणि २०२०–२१ च्या सुमारास हजारो झाडांवर गंडांतर आले. तेव्हा शहरातली तरुण मंडळी पुढे झाली. त्यांनी झाडांची ओळख करून देणारे फेरफटके काढले, चित्रे काढली, हातात हात घालून साखळ्या केल्या. त्याच्याच जोडीला लेखी आक्षेप दिले गेले आणि नागपूर खंडपीठापुढे अर्जही गेले. अखेर त्या आराखड्याप्रमाणे ते स्थानक उभे राहिले नाही. २०२२ च्या डिसेंबरात अजनी स्थानकाच्या वेगळ्या पुनर्विकासाची कोनशिला बसली.

दोन्हीकडची मुले सारखीच तळमळीची होती. फरक वेळेचा होता. अजनीत करवत लागण्यापूर्वी कागद हलले. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' मानले आहे. पण ही नोटीस वाचणार कोण? जो वाचतो, त्याच्याच हरकतीला अर्थ असतो.

आणि आपल्याकडे ही रीत जुनी आहे, बरं का. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागात जंगल सत्याग्रह केला. सरकारी राखीव जंगलातले गवत कापणे हा गुन्हा होता, म्हणून लोकांनी ते उघडपणे कापले आणि तुरुंगाची वाट धरली. जंगल कोणाचे, हाच तेव्हाचा सवाल होता. आज मुले हवा कोणाची, पाऊस कोणाचा, असे विचारतात. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात निवाडा देताना, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे मान्य केले. राज्यघटनेने निसर्गाचे रक्षण हे आपले कर्तव्यही ठरवले आहे. म्हणजे मुले जे मागतात, ते भलतेसलते नाही.

तर गुरुजी, पोरांना शाळा बुडवायला सांगा, असे माझे म्हणणे नाही. शाळेतच हा विषय आणा. आवारात एक तापमापक टांगा आणि रोजचा आकडा फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या. गावातली जुनी झाडे, विहिरींची पाणीपातळी, पहिल्या पावसाची तारीख यांची वही ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. ती तुमच्या ग्रामपंचायतीत आहे काय, हे मुलांना विचारून येऊ द्या. मग ग्रामसभेच्या दिवशी थोरली मुले ती वही घेऊन उभी राहिली, तर त्यांना खाली बसवू नका. घोषणा वाऱ्यावर जाते, पण वहीतल्या आकड्याला सरपंचापासून आमदारापर्यंत साऱ्यांना उत्तर द्यावे लागते.

विदर्भातला कोळसा साऱ्या महाराष्ट्राला उजेड देतो. त्याची राख आपल्या अंगणात पडते. ही वीज लागतेच, तीवर पंप चालतात, हे मी जाणतो. पण ती किती दिवस कोळशाची असावी आणि उन्हाची कधी व्हावी, हे विचारण्याचा पहिला हक्क ऊन सोसणाऱ्यांच्या लेकरांचा आहे. त्यांनी तो प्रश्न नम्रपणे आणि आकड्यांनिशी विचारावा. आपण वडीलधाऱ्यांनी मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती.