गोळी सापडते कशी?



डोकं दुखलं की आपण गोळी घेतो. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी चालू असते, कुणाची थायरॉईडची चालू असते. घराघरात एखाद्या डब्यात गोळ्यांची पाकिटं असतातच. पण ही गोळी पहिल्यांदा सापडली कशी, हे आपण कधी विचारत नाही. आज तेच विचारू. गोळी शोधायच्या पद्धती आता बदलत आहेत, आणि त्या बदलाचा आपल्या गावातल्या एका जुन्या दुखण्याशी संबंध आहे. ते दुखणं म्हणजे क्षयरोग, आपण ज्याला टीबी म्हणतो.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. डोकेदुखीची गोळी पाण्याबरोबर गिळली की काम होतं. मग मधुमेहाचं इन्सुलिन सुईनेच का टोचावं लागतं?

कुठलाही पदार्थ बारीक-बारीक करत गेलं, की शेवटी त्याचा जो सगळ्यात लहान कण उरतो, त्याला रेणू म्हणतात. रेणू बनतो अणूंचा. ॲस्पिरिनच्या एका रेणूत फक्त २१ अणू असतात, तर इन्सुलिनच्या एका रेणूत जवळजवळ ८००. इन्सुलिन हे प्रथिन आहे. आपण खाल्लेल्या डाळीतलं प्रथिन पोट जसं पचवतं, तसं ते इन्सुलिनही पचवून टाकतं. ॲस्पिरिनसारखा लहान रेणू मात्र आतड्यातून रक्तात जातो, रक्तातून शरीरभर फिरतो. म्हणून लहान रेणूंची औषधं आपल्याला सोयीची. ती बहुतेक वेळा गिळता येतात आणि घरी ठेवता येतात. तालुक्याला रोज सुई टोचून घ्यायला जाणाऱ्या बाईला विचारा, गोळी आणि सुई यात फरक किती ते. एसटीचं भाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते.

आता असा लहान रेणू शोधायचा कुठे? पूर्वी झाडपाल्यात शोधायचे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार जुन्या काळापासून वापरात होती. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन नावाचा रेणू वेगळा काढला गेला आणि पुढे तो रक्तदाबावर दिला जाऊ लागला. कधी नशिबानेही सापडायचं. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी आली, त्या बुरशीच्या आसपासचे जंतू मेले, आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला.

नंतर शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने विचार करू लागले. जंतूला जगायला जे प्रथिन लागतं, ते म्हणजे कुलूप समजा. त्यात नेमका बसेल असा रेणू म्हणजे किल्ली. ते प्रथिन बाहेर काढायचं आणि हजारो, लाखो रेणू त्याला लावून बघायचे. ही पद्धत पुष्कळ रोगांत उपयोगी पडली. जंतूंच्या बाबतीत मात्र एक अडचण वारंवार आली. नळीत किल्ली बसायची, पण जंतूच्या अंगात ती शिरायचीच नाही. टीबीच्या जंतूला तर मेणासारखं जाड कवच असतं. दारच उघडत नसेल तर आतल्या कपाटाची किल्ली काय कामाची?

मग बेल्जियममध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. कुलपाचा विचार त्यांनी बाजूला ठेवला आणि सरळ जिवंत जंतूवरच रेणू टाकून पाहिले. जो रेणू जंतूला वाढू देणार नाही, तो बाजूला काढायचा. पण टीबीचा जंतू धोक्याचा, आणि वाढायलाही फार सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दिवस लागतो. म्हणून त्यांनी त्याचा निरुपद्रवी आणि लवकर वाढणारा भाऊबंद घेतला.

त्यातून एक रेणू हाती लागला. तो जंतूला मारतो हे दिसत होतं, पण कसा मारतो ते कळत नव्हतं. तेव्हा ज्या थोड्या जंतूंवर त्याचा परिणाम होत नव्हता, ते त्यांनी निवडून वाढवले आणि त्यांचा वंशाचा लेखाजोखा वाचला. बदल एकाच ठिकाणी सापडला. प्रत्येक जंतूच्या आत शक्ती तयार करणारं एक बारीकसं जातं असतं आणि ते खरोखर फिरतं. हा रेणू त्या जात्यात पाचरीसारखा अडकत होता. शक्तीच बंद झाली की जंतू मरतो. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या गोळीचं नाव बेडाक्विलिन. २०१२च्या डिसेंबरात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. नव्या तऱ्हेने काम करणारं टीबीचं औषध तब्बल ४० वर्षांनी आलं होतं.

याचं मोल कुणाला कळलं असेल? ज्यांचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता, त्यांना. अशा रुग्णांना दीड-दोन वर्षं औषधं घ्यावी लागत आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी काहींचे कान गेले. आता चार औषधांचा, सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार आहे. त्यात बेडाक्विलिन आहे. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये त्याला मंजुरी दिली. तो सगळ्यांनाच चालतो असं नाही. वय, गरोदरपण, जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही, हे बघून डॉक्टर ठरवतात.

आता आणखी नव्या पद्धती आल्या आहेत. त्यातल्या दोन सांगते.

गिरणीत दळण ठेवताना आपण डब्यावर नावाची चिठ्ठी लावतो, म्हणजे पन्नास डब्यांतून आपला डबा लगेच ओळखता येतो. शास्त्रज्ञ रेणूंना अशीच चिठ्ठी बांधतात. ही चिठ्ठी असते डीएनएच्या छोट्याशा तुकड्याची. असे कोट्यवधी रेणू एकाच नळीत मिसळतात आणि त्यात कुलूप, म्हणजे ते प्रथिन सोडतात. जे त्याला चिकटले ते ठेवायचे, बाकीचे धुवून टाकायचे. मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या. एकेक करून तपासायला जी वर्षं लागली असती, ते काम थोड्या दिवसांवर येतं.

दुसरी पद्धत संगणकाची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सुमारे २,३०० पदार्थ एका जंतूवर तपासले. कुठल्याने जंतूची वाढ थांबली आणि कुठल्याने नाही, हे संगणकाला शिकवलं. जाणती बाई डाळ हातात घेऊनच सांगते, ही शिजेल की गरगटेल. तशी नजर संगणकाला यावी, हा हेतू. मग हजारो रेणू त्याच्यापुढे मांडले. त्याने एक निवडला, जो आधी मधुमेहासाठी तपासून बाजूला ठेवला होता. शास्त्रज्ञांनी त्याला हॅलिसिन नाव दिलं. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत त्याने टीबीच्या जंतूसकट अनेक चिवट जंतू मारले.

मग हॅलिसिन दुकानात का मिळत नाही? मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शोध लवकर लागतो, पण खात्री लवकर होत नाही. बशीतला जंतू मेला म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. आधी प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग शेकडो रुग्णांवर, मग त्याहून जास्त रुग्णांवर तपासावं लागतं. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी एखादंच शेवटी बाजारात येतं.

ही खात्री नीट झाली नाही तर काय होतं, ते बायकांनी सोसलेलं आहे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी आली. गरोदरपणातल्या मळमळीवर ती सर्रास दिली गेली. निर्धोक आहे म्हणून सांगत होते. १९६१मध्ये ती मागे घेईपर्यंत वेगवेगळ्या देशांत दहा हजारांवर बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी नावाच्या सरकारी अधिकारी बाईंनी पुरावे मागितले. पुरावे अपुरे होते, त्यांनी परवानगी दिली नाही. कंपनीने तगादा लावला तरी त्या हलल्या नाहीत. एका बाईच्या ठामपणामुळे कितीतरी घरं वाचली.

म्हणून उद्या कुणी दारात येऊन म्हणाला, “संगणकाने शोधलेलं नवीन औषध आहे,” तर विचारा, “माणसांवर तपासलंय का? मान्यता कुणाची आहे?” आणि कुणी औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर घाईने अंगठा उठवू नका. संमतीपत्र आपल्या भाषेत समजावून मागा. नाही म्हणायचा आणि मधेच बाहेर पडायचा हक्क आपल्याला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९च्या नियमांत आहे.

गोळी सापडली, खात्री झाली, तरी ती आपल्या हाती येईलच असं नाही. किंमत आडवी येते. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी आणखी काही वर्षं वाढावी म्हणून कंपनीने भारतात अर्ज केला होता. त्याला विरोध केला दोन तरुणींनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. टीबीच्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि इतर कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली.

आता आपला वाटा. चाळीस वर्षांनी सापडलेली किल्ली आपल्याच हाताने बोथट होऊ शकते. टीबीचा रुग्ण बरं वाटलं म्हणून मधेच गोळ्या सोडतो, तेव्हा उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. दुसरं म्हणजे, त्या चार औषधांतलं एक आहे मॉक्सिफ्लॉक्सासिन. पोट बिघडलं की दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या पाकिटावर ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन असं नाव दिसतं ना? ती त्याच कुळातली औषधं. साध्या जुलाबासाठी ती उगाच खाल्ली, तर टीबीच्या वेळी तेच कुळ कामाला येणार नाही. घरी गेल्यावर पाकीट बघा. शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका.

गटातल्या किंवा शेजारच्या कुणाचा हा सहा महिन्यांचा उपचार चालू असेल, तर तिला आठवड्यातून एकदा विचारा. पायाला मुंग्या येतात का? डोळ्यांना धूसर दिसतं का? धाप लागते, छातीत धडधडतं का? असं काही असेल तर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आशाताईलाही कळवा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने घरातल्या गोळ्यांचं एकेक पाकीट आणायचं, नाव मोठ्याने वाचायचं आणि ही कुणी दिली, कशासाठी दिली, किती दिवस घ्यायची, एवढं सांगायचं. जिला सांगता येणार नाही, तिने ते पाकीट घेऊन दवाखान्यात जायचं आणि विचारायचं.