हृदयातील साधी गाठ
(खापर येथील आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा काही भाग)



हृदयात गाठ आहे असे सांगितले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कर्करोग आहे का? बहुधा नाही, असे उत्तर आम्हांस देता येते. हृदयातच उगम पावणाऱ्या बहुसंख्य गाठी साध्या असतात. प्रौढांत त्यांपैकी सर्वाधिक आढळते ती मिक्सोमा. चारांतील तीन वेळा ती डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असते.

मात्र ‘साधी’ हा शब्द फसवा आहे. ही गाठ झडपेच्या तोंडाशी झुलते आणि रक्ताची वाट अडवते. धाप लागते, घेरी येते, कधी बारीक ताप राहून वजन घटते. तिचा मऊ तुकडा निसटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

आपल्या अक्कलकुवा-धडगाव भागात धाप व अशक्तपणा म्हटला की सिकलसेल, पंडुरोग, क्षय किंवा बिघडलेली झडप हीच कारणे मनात येतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु उपचार चालू असूनही धाप हटत नसेल, उठता-बसता ती कमी-अधिक होत असेल, किंवा तरुण माणसास अचानक लकवा झाला असेल, तर हृदयाची इको तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलचे निदान आधीच झाले आहे म्हणून ती टाळू नये.

पूर्वी ही गाठ बहुधा शवविच्छेदनातच कळे. १९५४ साली स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने ती प्रथम यशस्वीपणे काढली. आजही तिला विरघळवणारे औषध नाही. निदान होताच, शेतीची कामे उरकण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रिया करून घ्यावी. देठाच्या मुळासह ती काढतात. क्वचित ती पुन्हा उद्भवते, म्हणून नंतरही इको करावी लागते.

लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यातील रॅब्डोमायोमा ही गाठ पुष्कळदा आपोआप आकसते. रक्तप्रवाह अडत नसेल, तर केवळ लक्ष ठेवणे हाच उपचार. मात्र अशा मुलास आकडी येते का, हे अवश्य पाहावे.

खर्चाच्या धास्तीने रुग्ण घरी नेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. सुरतेची गाडी ठरविण्यापूर्वी शिधापत्रिका व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्रास भेटावे, आणि इकोचा अहवाल सोबत ठेवावा.